हम्मूकाकाच्या मानेवरची बरकत

ऐत इशू
४ मार्च १९८६

लल्ला इत्तो,

आधी कबूल करून टाकतो, मग सलाम, मग खुशाली. हम्मूकाकाच्या मानेवर बरकत उतरलीय म्हणून इथं सगळं खोरं बोंबलतंय ना, ती मी उतरवली. गाठ त्याची स्वतःची आहे. बरकत माझी.

तू राबातच्या दवाखान्यात नोकरीला गेलीस तेव्हा ती गाठ अक्रोडाएवढी होती. अंगातल्या जेलाब्याची, त्या लांब झग्याची, टोपी पाठीवर पडली की झाकून जायची. आता चांगली संत्र्याएवढी झालीय. उजव्या बाजूला, मानेच्या मुळाशी, खांद्याला लागून. दुखत नाही म्हणतो. पण झऱ्यावरच्या बायकांना काय, आयतंच! काका मेंढरं घेऊन आला की, "बाजूला व्हा गं, उंट आला!" तो बिचारा हसायचा आणि खाली मान घालून निघून जायचा. काकू गेल्यापासून तो आपल्याकडेच राहतो, आपलं मीठ खातो, आणि त्याला उंट म्हणतात? माझं डोकं फिरलं.

मी रकियाला गाठलं. तिला एक गोष्ट सांगितली की खोऱ्यातल्या शंभर घरांना सांगायचे कष्ट वाचतात. म्हटलं, "रकियामावशी, जपून बोला. काका डोंगरावरच्या अवलियाच्या थडग्यापाशी झोपला होता. अवलियानं त्याच जागी हात ठेवला. पण तुम्हाला म्हणून सांगतोय, कुणाला बोलू नका."

संध्याकाळपर्यंत दोन बायका साखरेचे सुळके घेऊन दारात हजर. एकीला मुलगा हवा, एकीची गाय आटलेली. गाठीला हात लावायचा, तोच हात तोंडावरून फिरवायचा. आता रोज रांग असते. साखर एवढी साठलीय की आई चहात चमचा उभा करून दाखवते. हसून हसून माझं पोट दुखलं.

पण परवापासून काकाला मान वळवता येत नाही. तुझ्या दवाखान्यात एखादं मलम असेल, गाठ गुपचूप विरघळवणारं, तर पाठव. आईला यातलं काही कळवू नकोस.

तुझा गुणी भाऊ
बासू

&nbsp;

राबात
१२ मार्च १९८६

गुणी भावा,

गुणी हा शब्द स्वतःच स्वतःला लावायचा नसतो, हे पाचवीत शिकवतात. तू चौथीतच पळालास.

तुझं पत्र मी वॉर्डातल्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मग डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या काकाकडे कुत्रा आहे का? आणि सणाला मेंढी कापली की खराब आतडी-फुप्फुसं कुणाला टाकता?"

मी काय सांगणार? काका आपल्या बुर्की कुत्रीला कसा बोलावतो, तुला माहीतच आहे. "ये गं बाई, आज तुझाही सण." आणि कलेजीवर पाण्याचे फुगे असले की तो तुकडा तिचाच. मग ती रात्रभर काकाच्या पायथ्याशी.

तर ऐक, शहाण्या. त्या फुग्यात किडा असतो. तो कुत्रीच्या पोटात वाढतो, तिच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, तिच्या केसांना लागतात. आपण तिला कुरवाळतो, त्याच हातानं भाकरी मोडतो. मग मेंढीत होतो तसाच फुगा माणसात होतो. सावकाश, वर्षानुवर्षं. काकाची गाठ तीच असेल असं बाईंना वाटतं. आल्याशिवाय खात्री सांगत नाहीत.

मलम नाही. कापून काढावी लागते. आणि तोवर कुणी ती दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. तुझी रांग आजच्या आज मोड. काकाला इकडे घेऊन ये, मी खाट सांगून ठेवते.

आणि साखर एवढी झाली असेल तर बहिणीला एक सुळका पाठवायला हात मोडले का?

इत्तो

&nbsp;

ऐत इशू
१९ मार्च १९८६

लल्ला,

सुळका पाठवतोय. ट्रकवाला उआली त्यातला किती खाईल ते अल्लाला माहीत.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणजे सलाम, खुशाली आणि साखरेचं तेवढं वाचलं. मधलं गाळलं. ती म्हणाली, "एवढं मोठं पत्र आणि एवढंच लिहिलंय?" मी म्हटलं, शहरात अक्षर मोठं काढतात.

पण तू मला येडा समजतेस का गं? मी काय कसायाच्या दुकानापुढून कधी गेलो नाही? फुगे होतात ते कलेजीत आणि फुप्फुसात. काकाची कलेजी काय मानेवर आहे? मी एक थाप मारली तर तू माझ्यावर दुसरी मारलीस, सूड म्हणून. चांगली आहे, पण मानेचा मुद्दा विसरलीस. थाप मारायची तर आधी मेंढी उघडून बघायची असते.

बाकी काका मजेत. काल सिदी अलीच्या वाड्यावरनं लोक आले, चार तास चालत. काकाला मधोमध बसवलं, पहिला चहा त्याला. रांग जरा वाढलीय, पण मी सांगतो हळू दाबा म्हणून.

बासू

&nbsp;

राबात
२४ मार्च १९८६

बासू,

हे पत्र उआलीच्याच हातात देतेय, म्हणजे दोन दिवसांत मिळेल. गाळू नकोस. आईला नाही वाचलंस तरी चालेल, स्वतः दोनदा वाच.

मी सूड घेत नाहीये. तुझ्यावर सूड घ्यायचा तर मी तुझं लग्न रकियाच्या मुलीशी ठरवलं असतं.

बहुतेकांना कलेजीत किंवा फुप्फुसातच होतो, बरोबर. पण किड्याला रस्ता रक्तातून. तिथं नाही अडकला तर रक्त नेईल तिथं जातो. आमच्या वॉर्डात या महिन्यात एक शाळामास्तर आहेत, त्यांच्या मांडीत. शेफ्शावनकडची एक बाई, तिच्या डोळ्यामागे. डोळा बाहेर यायला लागला तेव्हा कळलं. एकाच्या मणक्यात होता, तो पाय ओढत आला. एका शिपायाच्या तर हृदयाच्या भिंतीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा असा भाडेकरू आहे की जिथं खोली रिकामी तिथं बिऱ्हाड. मान म्हणजे काही नवल नाही.

नवल हे की तो अजून फुटला नाही. आत पाणी असतं. ते अंगात सांडलं तर घसा सुजतो, श्वास बंद होतो, माणूस चहा थंड व्हायच्या आत जातो. आणि नाही गेला तर त्या पाण्यातले दाणे शंभर जागी रुजतात.

आणि तू त्यावर खोऱ्यातल्या बायकांचे हात फिरवतोयस. "हळू दाबा" म्हणे.

खाट पाच एप्रिलपर्यंत ठेवलीय. काकाला खरं सांग. तुला शब्द कधी कमी पडलेत?

इत्तो

&nbsp;

ऐत इशू
२ एप्रिल, बुधवार

ताई,

आज थट्टेनं लल्ला, बाईसाहेब असं म्हणत नाही, चेष्टा सुचत नाही. जरा सुचते, पण दाबून ठेवतो.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी काकापुढे बसलो. म्हटलं, "काका, अवलिया-बिवलिया काही नाही. मी थाप मारली. बायका तुला उंट म्हणत होत्या म्हणून." आणि तू लिहिलेलं सगळं सांगितलं, डोळ्यावाली बाई, शिपाई, सगळं.

काकानं शांतपणे ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बासू, खोटं तू बोललास हे मला कळतं. पण तुझ्या तोंडून ते बोलवून घेतलं कुणी? अवलिये असेच बोलतात. शहाण्याच्या तोंडून बोलले तर लोक वाद घालतात."

आता यावर काय बोलशील? मी पंधरा वर्षं थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एकदा खरं बोललो तर त्यालाच अवलियाची करामत म्हणतात.

रकियाकडे गेलो. ती म्हणाली, "बरकत काकाला मिळाली, तुला नाही, म्हणून जळतोस होय रे?" मशिदीतल्या इमामांना सांगितलं. ते म्हणाले, "बासू, गेल्या वर्षी तू अजान वेळेआधी दिलीस, आठवतंय?" म्हणजे संपलंच.

पुन्हा काकाकडे गेलो. या वेळी ओरडलो. तो चिडला नाही. चहा ओतत होता. म्हणाला, "तुझी काकू गेली त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी दाराशी चप्पल काढली नव्हती. मी मेंढरांशी बोलायचो. काल मोजल्या, सत्तावीस जोड. आणि तू म्हणतोस हे कापून टाकू?"



आता खरं सांगतो, जे लपवत होतो. गाठ आणखी ताणलीय, वरची कातडी चकचकीत दिसते. आणि बाजारातला तुंबड्या लावणारा न्हावी येऊन बघून गेला. म्हणाला, आत पाणी आहे, बरकतीचं पाणी. परवा शुक्रवारी नमाजानंतर तो जाड सुईनं टोचून ते काढणार आणि थेंब थेंब वाटणार. काका हो म्हणाला. बायकांनी आत्तापासून बाटल्या धुऊन भिंतीवर उलट्या वाळत घातल्यात. आपल्याच भिंतीवर. आईनंही एक ठेवलीय, तिच्या गुडघ्यासाठी.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा शुक्रवार होऊन गेलेला असेल. तुझं उत्तर यायची वाट बघता येत नाही. उद्या गुरुवारचा बाजार आहे, खाली जातोय. काय करणार ते अजून मलाच माहीत नाही.

बासू

&nbsp;

राबात
१५ एप्रिल १९८६

बासू,

काका बरा आहे. हे पहिल्या ओळीत लिहितेय, कारण तू पत्र मधूनच वाचायला लागतोस.

गेल्या मंगळवारी ऑपरेशन झालं. अख्खी पिशवी न फुटता निघाली. आत द्राक्षांसारखे बारके फुगे, मोजणारी नर्स तिसापर्यंत मोजून थांबली. मशीन लावून बघितलं, बाकी अंगात कुठं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरचा पापुद्रा कांद्याच्या सालाएवढा उरला होता, सुई लागली असती तर माणूस बाजेवरून उठला नसता. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले जरा वेळ. मग परत आले तर काका शुद्धीवर येऊन विचारतोय, "चहात साखर किती घालता इथं?"

आता मुद्द्यावर येते.

चार तारखेच्या संध्याकाळी मी फाटकावर उभी होते, कारण मला आशा नव्हती पण पाय घरी जाईनात. खनिफ्राची बस आली. आधी वास उतरला. मग लोक उतरले, नाकाला रुमाल लावून. शेवटी काका, छातीशी ओलं पोतं धरून, नवरी सांभाळावी तसं. मी म्हटलं, "काका, हे काय?" म्हणाला, "साक्षीदार."

तो ते पोतं कुणाला देईना. सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. आतून मेंढीचं फुप्फुस निघालं, त्यात हा एवढा फुगा. काका त्यांना म्हणतो, "बाई, हे मी बोटानं दाबलं आणि मग माझं दाबलं. दोन्ही एकच. आता वाद नाही. काढा."

काकाला आत नेल्यावर बाईंनी कात्री घेतली आणि ते फुप्फुस कापलं. बघितलं. पुन्हा बघितलं. मग चिमट्यानं एक दोरा ओढून माझ्यापुढे धरला. मी भिंतीकडे बघत राहिले.

निळी लोकर होती, बासू. आईच्या मागावरची. मी त्या निळीत हात बुडवून मोठी झालेय, मला सांगायला नको.

काका आता वॉर्डभर फिरतो, मान ताठ करून. शाळामास्तरांना, डोळ्यावाल्या बाईला, सगळ्यांना त्या फुप्फुसाची गोष्ट सांगतो. "माझा पुतण्या थापाड्या आहे, पण मेंढीचं फुप्फुस खोटं बोलत नाही." मी खाली मान घालून चादरी बदलते.

काय केलंस ते लिही. सगळं. गाळू नकोस.

इत्तो

&nbsp;

ऐत इशू
२३ एप्रिल १९८६

लल्ला इत्तो,

तीस बारके! आणि मला वाटलं होतं मी अतिशयोक्ती करतो.

लिहितो. त्या गुरुवारी मी पहाटेच बाजारात जाऊन कसायांच्या रांगेत उभा राहिलो. विचार सरळ होता. काकाला कागदावरचं कळत नाही, माझं तोंड चालत नाही, पण मेंढी कळते. एक फुगा आलेलं फुप्फुस त्याच्या हातात दिलं की झालं. दर बाजाराला अशी ढीगभर निघतात, कुत्री भांडतात त्यावर. आणि त्या दिवशी? बारा मेंढ्या उघडल्या, बाराही पैलवान! गुलाबी फुप्फुसं, आरशासारखी कलेजी. कसायाला म्हटलं, "एखादं सडकं नाही का?" तो सुरी घेऊन माझ्या मागं धावला. गिऱ्हाइकं होती समोर.

शेवटी तीन चांगली घेतली आणि पोरांच्या खेळण्यांच्या गाड्यावरून पांढरे फुगे. घरी गोठ्यात बसलो. फुप्फुसाला चीर दिली, फुगा आत सारला, पाणी भरलं, गाठ मारली आणि आईच्या मागावरची सुई घेऊन शिवलं. अंधार होता गं, मला वाटलं पांढरी लोकर आहे. पहिला फुगा फुटला, माझ्या तोंडावर. दुसरा शिवताना फुटला. तिसरा टिकला. दोन फुप्फुसं वाया गेली ती आईनं रांधली. आम्ही तीन दिवस तेच खाल्लं, आणि ती अजून विचारते की मला एवढं फुप्फुस आवडायला कधी लागलं.

दिवस कलल्यावर काका मेंढरं कोंडत होता. मी ते त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "बोलत नाही काही. नुसतं दाब."

त्यानं दाबलं. अंगठ्यानं, हळू, जसं तो गाभण मेंढीचं पोट बघतो.

"आता तुझं."

त्यानं हात मागं नेला. टोपी बाजूला केली. बराच वेळ त्याचं एक बोट मानेवर आणि एक फुप्फुसावर. बुर्की मध्ये उभी राहून शेपूट हलवत होती, तिला वाटलं तिचंच आहे. काका तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि मी हिला प्रेमानं घालत होतो."

मी बुर्कीला ओढून दोरीला बांधलं.

"उआलीचा ट्रक किती वाजता निघतो?"

"पहाटे, फजरच्या अजानीनंतर."

"मग मला उठव. आणि वेळेवर दे अजान, आधी नको." मग ते फुप्फुस पोत्यात घालायला लागला. मी म्हटलं, "काका, ते कशाला? वास येईल." तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवतो. साक्षीदार." मी ते हिसकावू कसं? तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडलं असतं. खनिफ्रापर्यंत पोचवून बसमध्ये बसवला.

शुक्रवारी दुपारी न्हावी आला, बाटल्या आल्या, काका नाही. मी सांगितलं, "तो राबातला गेला, गाठ काढून घ्यायला. ती किड्याची आहे. ज्यांनी हात लावला त्यांनी काळजी करू नका, हात लावून होत नाही, कुत्र्यांमुळे होते." कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ. रकियानं मला बाटली फेकून मारली.

पण गेल्या रविवारी उआलीनं काकाचा निरोप आणला, त्यानं स्वतः खाटेवरून सांगितलेला, गाठ आणि फुप्फुस, शब्दन् शब्द. काकाचं म्हटल्यावर चित्रच पालटलं. इमाम त्यावर बोलले. कसायांच्या रांगेमागे लोकांनी छातीएवढा खड्डा खणलाय, खराब माल त्यात टाकतात, वर दगड. बुर्कीला खनिफ्राच्या गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन औषध पाजलं, ती माझ्याशी बोलत नाही. आणि रकिया परवा मला चोरून भेटली. तिच्या धाकटीच्या बरगडीखाली कधीपासून काही तरी हाताला लागतंय. तिनं ते लपवलं होतं. पुढच्या बुधवारी ती मुलीला घेऊन तुझ्याकडे येतेय. खाट बघून ठेव. आणि तिला सांग, बासू म्हणाला की ऑपरेशन झोपेत होतं. ती फार घाबरलीय. झऱ्यावर असते तशी नाहीये आता.

काका पुढच्या आठवड्यात येतोय. निरोपात म्हणतो, बाजारात बाकड्यावर उभा राहून सगळ्यांना गोष्ट सांगणार. चपला काढायला अंगणात जागा पुरणार नाही. उआली म्हणतो, त्या दिवशी बाजारात दुसरं फुप्फुस घेऊन ये असंही मला सांगितलंय त्यानं, दाखवायला. मी आता पुन्हा शिवणार नाही. या वेळी खरं मिळू दे.

म्हणून ताई, पाया पडतो तुझ्या. त्या निळ्या लोकरीबद्दल कुणाला बोलू नकोस. डॉक्टरीणबाईंना सांग, देवाच्या नावानं तो दोरा जाळून टाका. आईला नको, तिला मागावरचा एक गुंडा कमी आहे हे कळलंय आणि ती मांजराला मारतेय, मारू दे. रकियाला तर स्वप्नातही नको. एक टाका उसवला तर खड्डा बुजेल, मुलगी ऑपरेशनशिवाय परत घरी येईल, आणि मार खायला मी आहेच.

काकालाही नको. साठ वर्षं मेंढरं उघडलेला माणूस आहे तो. त्यानं त्या शिवणीवरून अंगठा फिरवला होता, मी बघत होतो. पुढे विचार करायला मला भीती वाटते. तर त्याला सांगू नकोस. आणि त्याला आधीपासूनच ठाऊक असेल, तर ते मला सांगू नकोस.

बासू